कट्ट्यावर टोबॅगो कसा सांगायचा?

ताई, नमस्कार.

मी ठाण्यात राहते, वय 62. माहेर मालवणजवळच्या एका वाडीत, वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, होते. लेक-जावई टोरांटोला असतात. या मे महिन्यात त्यांनी आम्हा दोघांना कॅरिबियन समुद्रातल्या टोबॅगो बेटावर नेलं. जाताना त्रिनिदादला मुक्काम आणि मग आठवडाभर टोबॅगोतल्या कॅस्टारा नावाच्या गावात.

आमच्या सोसायटीत बायकांचा कट्टा आहे. महिन्यातून एका रविवारी कुणाकडे तरी जमतो. जी कुठे जाऊन आली तिने तिथलं सांगायचं, बाकीच्यांनी आपापलं जोडायचं, मग खाणं. माझ्या थोरल्या जाऊबाईही याच सोसायटीत आहेत. त्यांनी गेल्या वर्षी युरोप असा रंगवून सांगितला की अजून बायका त्याची आठवण काढतात. मी परत आले तेव्हा खाली बाकावर सगळ्या भेटल्या. “काय काय पाहिलंत?” म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, “काही नाही हो, नुसते बसून होतो.” जाऊबाई म्हणाल्या, “बसायचंच होतं तर आपली गॅलरी काय वाईट होती?” सगळ्या हसल्या. मीही हसले, पण लागलं ते.

आमच्या यजमानांचं उलट. ते भेटेल त्याला गोष्टी सांगतात आणि दर वेळी त्या वाढतात. कासव जीपएवढं झालंय. बोकडांच्या शर्यती पाहिल्या म्हणतात, त्या आम्ही पाहिल्याच नाहीत. वर, “तिथली माणसं सुखी, कामधाम काही नाही, दिवसभर झाडाखाली” हेही असतंच. आता येत्या रविवारी कट्टा आमच्याकडे आहे. मी काय सांगू? यांना कसं आवरू? आणि एक. तिथे मी रोज दुपारी गाढ झोपायचे. लग्न झाल्यापासून अशी झोपले नव्हते. ते आठवलं की बरं वाटतं आणि कानकोंडंही होतं.

– सौ. क., ठाणे

* * *

क. ताई,

तुमचं मूळ पत्र अकरा पानांचं आहे, इथे मी त्यातलं जेमतेम एक पान छापलं. ‘आम्ही काही केलं नाही’ हे वाक्य त्या अकरा पानांत चार ठिकाणी आहे. उरलेल्या जागेत पेलिकन आहेत, कुर्ल्या आहेत, एक टॅक्सीवाला आहे, मातीच्या भट्टीतला पाव आहे आणि पहाटे साडेपाचला गच्चीवर कर्कश ओरडून साऱ्या गावाला उठवणारा कोकरिको नावाचा पक्षी आहे. (हा टोबॅगोचा मानाचा पक्षी, त्रिनिदाद-टोबॅगो या देशाच्या राजचिन्हावर आहे. निवांत बेटानं हाच पक्षी का निवडला असेल, हा प्रश्न तुमच्या यजमानांना पडलाय आणि तो मला आवडला.) काही न केलेल्या बाईला अकरा पानं लागत नाहीत.

बाकावर घोटाळा झाला तो प्रश्नाचा. “काय काय पाहिलंत?” हा सहलीच्या बसमधला प्रश्न आहे. त्याला उत्तर म्हणून यादी लागते, आणि टोबॅगोची यादी फार लांबत नाही. बेट सुमारे 300 चौरस किलोमीटरचं, बृहन्मुंबईच्या निम्म्याएवढं. वस्ती साठ हजारांच्या आसपास. स्कारबरोला किंग जॉर्ज किल्ला, आर्गाइलचा धबधबा, बकूची प्रवाळं, मधल्या डोंगररांगेचं जंगल, की झालं. जाऊबाईंच्या आयफेल टॉवरपुढे हे ठेवलंत तर हरणारच. म्हणून यादी मांडूच नका. तुम्हाला ‘काय झालं’ ते सांगायचंय, आणि झालं पुष्कळ.

तुमच्या पत्रातलं सहावं पान घ्या. तुम्ही ते ‘बाकी विशेष नाही’ असं लिहून सुरू केलंय! सकाळी तुम्ही किनाऱ्यावर चहा घेत बसला होता. एक होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून परत काठाला आली. जाळ्याची दोन टोकं वाळूत, दोन्हीकडे माणसं उभी. कुणीतरी हाक मारली तशी दुकानातली, रस्त्यावरची, पोहायला आलेली गोरी माणसंसुद्धा दोराला लागली. आणि तुम्ही लिहिता, ‘मी चहाचा कप वाळूत ठेवला आणि गेले.’ ही रापण. नाव तिथे वेगळं असेल, पण तुम्हाला ती कुणी समजावून सांगावी लागली नाही. दोर कमरेशी कसा घ्यायचा, पाय कुठे रोवायचा, दोन्ही टोकांची माणसं हळूहळू जवळ कशी सरकवायची, हे तुमच्या अंगाला आठवलं. शेजारच्या म्हाताऱ्या कोळ्यानं तुमच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता तुम्हाला आपल्या पुढे, म्हणजे जिथे जोर लागतो तिथे, उभं केलं. जावई फोटो काढायला धावले तर तुम्ही त्यांना ओरडलात, “आधी हात लाव!” वर पेलिकन घिरट्या घालत होते. जाळं वर आलं तेव्हा बांगड्याएवढी चकचकीत मासळी उसळत होती, आणि वाटे पडले तेव्हा हात लावणाऱ्यांनाही मूठ-दोन मूठ मिळाली. तुम्ही ती साडीचा नव्हे, लेकीच्या टी-शर्टाचा ओचा करून घरी नेलीत.

ताई, वडिलांच्या रापणीवर वाढलेली बाई पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला, बासष्टाव्या वर्षी रापण ओढते, आणि कट्ट्यावर सांगते की नुसते बसून होतो. जाऊबाईंचा दोष त्यात थोडाच आहे.

रविवारी इथूनच सुरुवात करा. विमानतळापासून नको. व्हिसा, बॅगेचं वजन, विमानातलं गार जेवण, जावयाने गाडी कशी बुक केली, हे सगळं गाळा. प्रवासाच्या गोष्टी बहुतेक या पायरीवरच मरतात, कारण सांगणाऱ्याला वाटतं की सगळं क्रमानं यायला हवं. पहिलं वाक्य असं येऊ द्या: “तिथे एक दिवस मी रापण ओढली.” आणि थांबा. तुमच्या कट्ट्यावर घाटावरच्या बायका असतील, त्या विचारतील रापण म्हणजे काय. मग मालवणची सांगा, वडिलांची सांगा, रापण संघातले वाटे कसे ठरायचे ते सांगा, यांत्रिक बोटींतून मोठी जाळी टाकणारे पर्ससीनवाले आल्यावर ती कशी आटत गेली ते सांगा, आणि तिथून टोबॅगोला या. अर्धी गोष्ट तुमच्या माहेरची असेल. असू दे. ती दुसऱ्या कुणालाच सांगता येणार नाही.

फोटोंचं एवढंच, की टीव्हीला फोन जोडून सगळे दाखवू नका. तीन निवडा आणि फोन हातोहात फिरू द्या. समुद्राचे नकोत, निळा समुद्र सगळ्यांच्या फोनमध्ये असतो. मातीच्या भट्टीवरची ती बाई, ओचा धरलेल्या तुम्ही, आणि यजमानांचा क्वीन्स पार्क ओव्हल या क्रिकेट मैदानाच्या फाटकाबाहेरचा. त्यांच्याकडे आता येतेच.

खर्च किती आला, हे कुणीतरी विचारणारच. आपल्याकडे त्याशिवाय प्रवास पुरा होत नाही. “लेक-जावयाने केलं, आकडा मी विचारला नाही,” हे खरं आहे तर तेच म्हणा आणि पुढे जा. त्यावर स्पष्टीकरण देत बसलात की गोष्ट गेली आणि हिशेब उरला.

आता यजमान. त्यांना गप्प बसवायला सांगू नका, मी सांगणार नाही. गोष्ट थोडी फुगवणारा नवरा ही काही मोठी आपत्ती नाही आणि कट्ट्याला तो हवा असतो. पण त्यांच्या तीन गोष्टी तीन वेगळ्या जातींच्या आहेत, आणि तिन्हींना एकच औषध चालणार नाही.

कासव राहू द्या, फक्त त्यांना खरं कासव किती मोठं असतं ते सांगा. तुम्ही मे महिन्यात रात्री किनाऱ्यावर वाट पाहत बसलात ते लेदरबॅक होतं, जगातलं सगळ्यात मोठं समुद्री कासव. तीनशे-चारशे किलोची मादी तिथे नेहमीची, काही त्याहून मोठ्या. मार्च ते ऑगस्ट त्या टोबॅगोच्या वाळूत अंडी घालायला येतात. रत्नागिरीच्या वेळासला ज्या ऑलिव्ह रिडलेसाठी आपण गर्दी करतो तिचं वजन चाळीस-पंचेचाळीस किलोच्या घरात असतं. म्हणजे तशी आठ-दहा कासवं एकात. याला जीपची गरज काय? वाटाड्यानं फक्त लाल दिवा वापरू दिला, फ्लॅश मारणाऱ्याला हाकललं, आणि अंधारात मादी मागच्या वल्ह्यांनी एकेक पसा वाळू उपसत होती, असं तुम्ही लिहिलंय. यजमानांच्या गोष्टीत ते कासव त्यांच्या अंगावर धावून येतं. अंडी घालायला वर आलेली कासवीण कुणावर धावत नाही हो, ती थकलेली असते. हे त्यांना घरी सांगा, चारचौघांत नको.

बोकडांची शर्यत मात्र काढून टाका. ती बकूला ईस्टरनंतरच्या मंगळवारी होते, 1925 पासूनची प्रथा आहे, आणि जॉकी बोकडावर बसत नाही, दोरी धरून अनवाणी त्याच्या मागे पळतो. म्हणजे गोष्ट भारी आहे, पण तुम्ही मे महिन्यात गेलात. कट्ट्यावरच्या कुणाच्या तरी नातवाला हे फोनवर शोधायला अर्धं मिनिट लागेल, आणि त्यानंतर तुमची खरी रापणसुद्धा कुणी मानणार नाही. त्यांना ती सांगायचीच असेल तर साधी वाट आहे: “नावाडी सांगत होता” हे शब्द पुढे जोडायचे. ऐकलेली गोष्ट ऐकलेली म्हणून सांगितली की तिला कितीही शिंगं फुटोत, कुणाचं काही बिघडत नाही. समुद्राच्या मधोमध कमरेएवढ्या पाण्याची ती उथळ जागा, नायलॉन पूल, तिथे नेणारे नावाडी हेच करतात. इंग्लंडच्या राजकन्या मार्गारेटनं पाणी आपल्या नायलॉनच्या मोज्यांसारखं पारदर्शक आहे म्हणून हे नाव दिलं, अशी तिथली कथा. त्या पाण्यात डुंबलेला माणूस काही वर्षांनी तरुण होतो, ही दुसरी. तुमच्या यजमानांनी त्या पाण्यात तीनदा बुडी मारली, असं तुम्ही लिहिलंय. हे सांगा, आणि ते शेजारी बसलेले असतानाच सांगा. निकाल कट्टा लावील.

बोकड गेल्यावर त्यांच्या हाती काही द्यावं लागेल, नाहीतर ते परत आणतील. त्यांच्याकडे गावसकर आहेत. त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेन शहरात टॅक्सीवाल्याला ते सहज म्हणाले की आम्ही मुंबईकडचे, तर त्या सत्तरीच्या माणसानं गाडी वळवून थेट ओव्हलच्या फाटकाशी नेली. 1971 च्या मार्चमध्ये अजित वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडीजला त्यांच्याच देशात पहिल्यांदा हरवलं ते याच मैदानावर. पहिलाच कसोटी सामना खेळणाऱ्या गावसकरांनी दोन्ही डावांत अर्धशतकं केली, दिलीप सरदेसाईंनी शतक. पुढे मालिका संपली तीही इथेच, गावसकरांनी एकाच सामन्यात 124 आणि 220 केल्या तेव्हा. चार कसोटींत 774 धावा. त्रिनिदादच्या लोकांनी आपल्याला छळणाऱ्या या पोरावर चक्क कॅलिप्सो, म्हणजे तिथल्या ढंगाचं गाणं, रचलं, आणि टॅक्सीवाल्यानं त्यातल्या दोन ओळी स्टीअरिंगवर ठेका धरून म्हणून दाखवल्या. तुमच्या यजमानांनी त्या वेळी शाळेत वर्तमानपत्राची कात्रणं वहीत चिकटवली होती. टॅक्सीवाल्याचे वडील त्याला घेऊन तो सामना बघायला गेले होते. मग दोघं फाटकासमोर गाडी लावून अर्धा तास बोलत राहिले आणि तुम्ही व लेक मागच्या सीटवर कंटाळलात.

नुसतं हे सांगितलं तर पुरे. त्यात एक पैशाची भर नको. आणि बघा, त्या दोघांनी काय केलं? एकानं वही दिली, दुसऱ्यानं वडील दिले. देवाणघेवाण झाली म्हणून अर्धा तास टिकला. तुमचा कट्टा याच गोष्टीवर चालतो, आणि बाकावर तुमचं फसलं ते एवढ्यासाठीही, की “बसून होतो” या उत्तराला समोरच्या बाईला काही जोडताच येत नाही. जाऊबाईंनी जोडलं ते गॅलरीचं, दुसरं होतं काय त्यांच्या हातात?

म्हणून रापण सांगून झाली की जाऊबाईंकडे वळा. त्यांना युरोपात काय पाहिलं ते विचारू नका, ते सगळ्यांना पाठ आहे. विचारा, की बसमध्ये तुमच्या शेजारी कोण होतं? किंवा, सगळे बघायला गेले आणि तुम्ही पाय दुखतात म्हणून खालीच बसलात, असं कुठे झालं का? झालं असणार. अकरा दिवसांत सात देश पाहणारी प्रत्येक बाई कुठेतरी एका पायरीवर चपला काढून बसलेली असते, आणि ती जागा तिला टॉवरपेक्षा नीट आठवते. ती गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितलेली नसेल, कारण कुणी विचारलीच नसेल.

एका मोहापासून मात्र जपा. “तुम्ही नुसत्या पळालात, आम्ही खरा आराम केला,” असं तोंडातून किंवा सुरातूनही येऊ देऊ नका. हल्ली निवांत सुट्टीचाही एक तोरा झालाय. अमुक इतकी ठिकाणं पाहिली, हा जसा टेंभा, तसाच काही पाहिलं नाही, हाही टेंभा. जाऊबाईंना बहुधा तुमच्या उत्तरात तोच ऐकू आला असेल, आणि गॅलरीचा टोमणा तिथून निघाला असेल.

आता तिसरी गोष्ट, ‘कामधाम काही नाही, दिवसभर झाडाखाली’ ही. इथे मात्र मी कडक आहे. ही फुगवलेली नाही, खोटी आहे, आणि दुसऱ्याच्या जिवावरची आहे. ती थांबवा. हवं तर कट्ट्यावर सगळ्यांसमोर थांबवा.

तुमच्याच पत्रातली माणसं बघा. घरमालकीण सकाळी खोल्या झाडते, दुपारी शाळेच्या स्वयंपाकघरात जाते, संध्याकाळी भट्टीवर पाव भाजते. रापणवाले तुम्ही उठण्याआधी होडी लोटून गेलेले असतात. स्टोअर बेच्या टपरीवर तुम्ही कुर्ल्यांचा रस्सा आणि कणकेचे जाड डंपलिंग खाल्लेत, नारळाच्या दुधातला तो रस्सा ‘आमच्यापेक्षा थोडा गोडसर’ लिहिलाय. त्या कुर्ल्या कुणीतरी पहाटे फोडून साफ केल्या असतील, किती वेळ जातो ते तुम्हाला मी सांगायला नको. झाडाखाली दिसतात ती माणसं काम उरकून बसलेली असतात. पाहुणा दहाला उठतो, त्याला तेवढंच दिसतं.

आणि त्या बेटाला निवांतपणा कधी फुकट मिळालेला नाही. उसासाठी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे हे वंशज. गुलामी कायद्यानं संपली ती 1830च्या दशकात. मग शेजारच्या त्रिनिदादच्या मळ्यांसाठी 1845 पासून 1917 पर्यंत आपल्याकडून करारावर मजूर नेले, 1 लाख 40 हजारांहून जास्त, बहुतेक भोजपुरी मुलखातले. टोबॅगोच्या टपरीवर कुर्ल्यांच्या रश्श्याला ‘करी’ म्हणतात ती त्यांच्यामुळे. तुम्ही नारळाच्या दुधात शिजवलेला नीरफणस खाल्लात आणि ‘याचे काप करता येतील हे मी त्यांना दाखवलं’ असं लिहिलंय. तो नीरफणस 1793 मध्ये ताहितीहून जहाजानं या बेटांकडे आणला, गुलामांना स्वस्तात पोट भरायला काहीतरी हवं म्हणून. पुढे 1963 मध्ये फ्लोरा नावाचं वादळ आलं आणि टोबॅगोची नारळाची, कोकोची, केळीची बागायत आडवी झाली. शेतीचा कणा मोडला, बेट पर्यटनाकडे वळलं. तुम्ही ज्या खोलीत राहिलात तिच्यामागे हे सगळं आहे.

हे कट्ट्यावर व्याख्यान म्हणून देऊ नका, कंटाळतील. तुमच्याकडे त्याहून चांगलं साधन आहे. तुमच्या भावानं तारकर्लीच्या रस्त्याला निवास-न्याहारीच्या दोन खोल्या काढल्यात, आणि पुण्या-मुंबईचे पाहुणे ओसरीवर पाय पसरून म्हणतात, “काय निवांत आयुष्य आहे हो तुमचं!” तेव्हा तुमची वहिनी आत सहा माणसांच्या सोलकढीसाठी नारळ खवत असते आणि दात-ओठ खाते. हे तुम्ही पत्रात टोबॅगोशी संबंध नसलेलं म्हणून कंसात लिहिलंय. कंस काढा. यजमानांनी झाडाखालची माणसं काढली की वहिनी काढा. त्यांना सासुरवाडीची वहिनी चांगली ठाऊक आहे, लगेच समजेल.

एक लहानशी गोष्ट तुमच्या लक्षात आली नसावी, म्हणून सांगते. ‘जंगलात गेलो, पण पाऊस आला म्हणून परत आलो, काहीच पाहिलं नाही’ असं नवव्या पानावर आहे. ते जंगल म्हणजे मेन रिज. 1776 साली ते कायद्यानं राखून ठेवलं, आणि कारण काय दिलं, तर पाऊस टिकावा म्हणून. डोंगरमाथ्यावरची झाडं तोडली तर पाऊस जाईल आणि ऊसही जाईल, ही मळेवाल्यांची भीती. पश्चिम गोलार्धात कायद्यानं राखलेलं इतकं जुनं जंगल दुसरं नाही म्हणतात. तुम्ही ते जंगल पाहायला गेलात आणि पावसानं तुम्हाला हाकललं. म्हणजे अडीचशे वर्षांनी कायदा नीट चाललाय. ही गोष्ट यजमानांना द्या, त्यांना शोभेल.

राहिली दुपारची झोप.

ती कट्ट्यावर सांगू नका. लाजण्यासारखी आहे म्हणून नव्हे. चारचौघींत सांगितलीत की लगेच दोन उत्तरं येतील. एक, “अगोबाई, ठाण्यात नाही का झोपत?” आणि दुसरं, डोळे पुसत, “किती राबलात हो आयुष्यभर.” तुम्हाला दोन्ही नकोत. विशेषतः दुसरं. कारण मग झोप ही चाळीस वर्षांच्या कष्टांची पगारी रजा ठरते, आणि ज्या दिवशी कष्ट कमी त्या दिवशी झोपायचा हक्क नाही, असा हिशेब उलटा तुमच्याच मागे लागतो. कानकोंडं वाटतंय ते या हिशेबामुळेच. तो मोडा. बाई झोपली कारण तिला झोप आली, कुणी उठवलं नाही, वारा होता.

ही गोष्ट लेकीला सांगा. तिने उठवलं नाही, हे तुम्ही पाहिलंत, हे तिला माहीत नसेल. रात्री साडेनऊला फोन लावा, टोरांटोत तेव्हा दुपारचे बारा वाजतात, जेवणाच्या सुट्टीत भेटेल. आणि ठाण्यातही दुपारी तास-दीड तास दार लावून घ्या. दूधवाला, कुरिअर, यजमानांचा चहा, सगळं थांबतं. यजमानांनी टोबॅगोत स्वतःचा चहा स्वतः केला, हे तुमच्याच सातव्या पानावर आहे. हात विसरले नसतील.

खाण्याचं काय करणार, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मी सांगते. कुर्ल्या नको, कट्ट्यावर शाकाहारी असतीलच, आणि त्या दिवशी कुर्ल्या फोडत बसलात तर गोष्ट कधी सांगणार? त्रिनिदादला सकाळी रस्त्यात उभ्यानं खाल्लेत ते डबल्स करा. मैद्यात हळद, जिरेपूड, मीठ आणि यीस्ट घालून सैल कणीक भिजवा, तासभर फुगू द्या, तेलाच्या हातानं पुरीएवढं थापून तेलात सोडा आणि लगेच उलटून काढा. लाल होऊ द्यायचं नाही, मऊ राहायला हवं. अशा दोन पुऱ्या (त्यांना तिथे ‘बारा’ म्हणतात), मध्ये हरभऱ्याची पातळ उसळ, वर किसलेली काकडी आणि चिंचेची चटणी. उसळीत गरम मसाला आणि गोडा मसाला दोन्ही नको, करी पावडर, लसूण आणि भरपूर कोथिंबीर एवढंच. कणीक आधी भिजवून ठेवा, तळायला मात्र कट्टा जमल्यावर यजमानांना उभं करा. गावसकर तिथूनही सांगता येतात, आणि कढईसमोर उभा असलेला माणूस बोकडांपर्यंत सहसा पोहोचत नाही.